पंच मारलेलं पान

आमच्या घरात लाज वाटून घेण्याचं खातं माझ्याकडे होतं. नवऱ्याकडे बिलं आणि बँक, नणंदेकडे देवपूजा आणि माझ्याकडे लाज. ज्यांना ती वाटायला हवी होती, त्या माझ्या सासऱ्यांना लाज कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. मग त्यांची लाजही मलाच वाटायची, रोज, सकाळच्या चहाच्या आधीपासून.

गंगापूर रोडच्या मागे आमची छोट्या बंगल्यांची कॉलनी. समोर हाडांचे डॉक्टर, शेजारी बँकेचे मॅनेजर. सगळ्यांच्या दारात हिरवळ आणि गुलाब, आमच्या दारात काटे. करवंदाच्या जाळ्या, तोरणाच्या जाळ्या आणि आळू. भाजीचा अळू नव्हे हो, रानातला, काटेरी, गोल तपकिरी फळांचा. सकाळी सहाला मामंजी खाकी हाफ पँट घालून त्या काट्यांत उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात सुरू करायचे, "चला, पुढं सरका, पुढं सरका. मागं लय गर्दी झाली." हे ते तोरणाच्या फांद्यांना सांगत असायचे. नेमक्या त्याच वेळी मॅनेजरांच्या मिसेस बुटांत पाय घालून फिरायला निघायच्या, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीआड खाली वाकायचे, जणू काही ओट्याखाली पडलं आहे.

मामंजी नाशिक-पेठ रस्त्याला एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. ऐन तरुणपणापासून रिटायर होईपर्यंत तोच रस्ता. लोक बदली मागून घेतात, यांनी आलेली बदली प्रत्येक वेळी साहेबाचे हातपाय धरून रद्द करून घेतली. त्यांना तो घाट आवडायचा. घाटात गाडी पहिल्या गिअरला लागली की ते दारात उभे राहून जाळ्या न्याहाळायचे. कुठल्या वळणावरची आंबट, कुठली गोड, सगळं तोंडपाठ. त्यांनी प्लॉट घेतला तेव्हा आमच्या बाजूला पेरूचे मळे होते आणि राहायला कोणी फिरकत नव्हतं. डॉक्टर, मॅनेजर मंडळी नंतर आली. म्हणजे खरं पाहता तीच आमच्या शेजाराला आली होती, पण मला कायम उलटंच वाटायचं. आपण कोणाच्या तरी अंगणात चुकून राहतोय असं.

लग्नानंतर वर्षभरात मला एका इंग्रजी शाळेत नोकरी लागली. मुलाखतीत मुख्याध्यापिका बाईंनी घरी कोण कोण असतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, सासूबाई नाहीत, सासरे ट्रान्सपोर्टमध्ये ऑफिसर होते, आता रिटायर्ड. हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सुळकन गेलं की माझं मलाच नवल वाटलं. पुढे ते तसंच राहिलं. स्टाफरूममध्ये कोणी विचारलं की ऑफिसर. सुट्टीत कोणी घरी येते म्हटलं की माझं डोकं दुखायचं.

रिटायर होताना तिकिटं टोचायचा पंच त्यांना जमा करावा लागला. तो दुःखाचा दिवस, असं नणंद सांगायची. मग कुठल्याशा भंगाराच्या दुकानातून त्यांनी दुसरा पैदा केला. तो कायम खिशात. विचार करायला लागले की टक टक, टक टक. जाळ्यांना त्यांनी थांब्यांची नावं दिलेली. ज्या थांब्याजवळच्या जाळीतलं बी, ते नाव. हॉलच्या खिडकीखालची 'करंजाळी', फाटकाजवळची 'सावळघाट', विहिरीच्या कडेचं तोरण म्हणजे 'कोटंबी'. "आज कोटंबीला गेलतो, लय फुटवे आलेत," असं ते जेवताना सांगत. पाहुणे चक्रावून माझ्याकडे बघत.

बागेत शिरणाऱ्याला तिकीट काढावं लागे. मामंजी करवंदाचं एक पान तोडत, त्याला पंच मारत आणि हातात देत. करवंदं खाणाऱ्याला फुल. काट्यांना भिऊन नुसतं काठावर उभं राहणाऱ्याला हाफ, म्हणजे पान मधोमध फाडून अर्धं. एकदा डॉक्टरांच्या पोराचा फुगवायचा फुटबॉल 'सावळघाटा'त शिरून फुटला. मामंजींनी तो फुटका चेंडू स्वतः नेऊन दिला आणि डॉक्टरांना सांगितलं, "विनातिकीट आलता." शेंड्याकडची करवंदं ते कधीच तोडत नसत. ती बुलबुलांची. "त्यांना पास हाय," म्हणायचे. मला मात्र त्यांनी कधी तिकीट दिलं नाही. मी बागेत जायचेच नाही तर देणार कुठून? वाळत घातलेले कपडेसुद्धा मी मागच्या बाजूच्या दोरीवर घालायचे.

आणि दिवाळीनंतर पाणी बंद. एक थेंब नाही. कॉलनीभर गुलाबांना पाइप लागलेले आणि आमच्या जाळ्या धुळीने भरलेल्या. "डोंगरावर कोण जातंय रोज पाणी घालाया? जरा तहान लागू द्या, मग बघा कशा फुलतात." मिसेस मॅनेजरांना एकदा इतकी दया आली की त्यांनी कंपाउंडवरून आपल्या पाइपची धार 'सावळघाटा'वर सोडली. मामंजी धावत जाऊन दोन्ही हात पसरून मध्ये उभे राहिले. नखशिखांत भिजले. "ताई, थांबा, गाडी फुल हाय." त्या बाई नंतर मला म्हणाल्या, त्यांना कुणाला तरी दाखवा हो. मी मान डोलावली. काय करणार?

ते पाणी न घालणं बरोबर होतं हे मला कळायचं, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या धुळकट जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरून जायच्या आणि रात्रभर घरात वास असायचा. पण कळणं आणि कबूल करणं यात मोठं अंतर असतं. मी उदबत्ती लावायचे.

सगळ्यांत मोठं संकट मे महिन्याचं. करवंदं पिकली की घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला मामंजी एक करवंद हातात द्यायचे आणि विचारायचे, "कोंबडा की कोंबडी?" खेड्यातल्या पोरांचा खेळ. करवंद चावून बघायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. आधी सांगायचं, मग चावायचं. पोस्टमन, गॅसवाला, मतदारयादीवाले, कोणी सुटत नसे. डॉक्टर इतके गंभीर गृहस्थ, तेही एकदा फाटकात "कोंबडा" म्हणून गेले. वर ओठांना चीक लागायचा तो वेगळाच.

अशा त्या मे महिन्यात वैजूला बघायला मंडळी यायची ठरली. वैजू म्हणजे माझी नणंद. गुणी मुलगी, पण दोन स्थळं हुकलेली. एका ठिकाणी मामंजींनी मुलाच्या आजोबांना कोंबडा-कोंबडी विचारलं होतं आणि आजोबांची कवळी चिकातच अडकली होती. आता वैजू एकोणतिशीला आली होती. हे स्थळ चांगलं होतं. मुलगा इंजिनिअर, वडील नाहीत, आई आणि काका येणार होते. हे हुकलं तर पुढचं कुठलं, या विचाराने वैजू आठवडाभर नीट जेवली नव्हती. शेवटी तीच मला म्हणाली, "वहिनी, दादांना तुम्ही सांगा. माझ्याच्यानं नाही व्हायचं." वैजू वडिलांना दादा म्हणायची.

मी सांगितलं. जाळीचं बोलायचं नाही, करवंद द्यायचं नाही, पंच वाजवायचा नाही, नोकरीचं विचारलं तर मी बोलेन. मामंजी ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बरं. मी मागच्या सीटवर बसतो."

मंडळी आली. मुलाच्या आई रिक्षातून उतरल्या. पिवळसर रेशमी साडी, केसांत एकही बट इकडची तिकडे नाही, डाव्या भुवईत एक खाच. बसल्या, पण पाठ सोफ्याला टेकली नाही. मुलाचे काका बोलके. म्हणाले, "आमच्या वहिनींचं माहेर तिकडं पेठकडचं. मोठी शेतीवाडी. वडिलांचं नाव होतं त्या भागात." बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मामंजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. पाहुण्यांबरोबर आलेला पाहुणा बसावा तसे. काकांनी विचारलंच, "आपण कुठं होतात सर्व्हिसला?" मामंजींनी माझ्याकडे बघितलं.

"ट्रान्सपोर्टमध्ये," मी म्हटलं आणि पोह्यांची बशी पुढे केली.

बाईंचं लक्ष सारखं खिडकीकडे जात होतं. खिडकीखाली 'करंजाळी' काळ्याभोर करवंदांनी लगडली होती. अखेर त्यांनी विचारलं, "ते काय लावलंय बाहेर?"

मी म्हटलं, "काही नाही हो, रान माजलंय नुसतं. कामाला माणूस मिळत नाही. या पावसाळ्याआधी सगळं काढूनच टाकणार आहोत."

मामंजींचा उजवा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. बाई मात्र पटकन म्हणाल्या, "काढू नका." मग जरा वेळाने, जरा हळू, "म्हणजे, कुंपणाला चांगलं असतं."

निघताना मुलगा आणि काका रिक्षा बघायला कोपऱ्यावर गेले. बाई फाटकाकडे जाता जाता 'करंजाळी'पाशी थबकल्या. मागे मी होते, ते त्या विसरल्या असाव्यात. एक करवंद त्यांनी तोडलं, देठाकडचा चीक सराईतपणे तळहाताला पुसला, आणि ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "कोंबडी." मग चावलं. निघालीही कोंबडीच. हसल्या, मला बघितलं, आणि चेहरा पुन्हा रेशमी झाला.

संध्याकाळी मामंजी बागेत पालापाचोळा पसरत होते. मी त्यांच्याजवळ गेले, काठावरच. म्हटलं, "मामंजी, त्या बाईंना करवंदाचं सगळं ठाऊक दिसतंय."

"दिसंल नाय तर काय. करंजाळीच्या थांब्यावर करवंदांचे द्रोण विकायची ती. एवढीशी होती. शाळेला सुट्टी लागली की रोज डोंगरातून धावत यायची. एकदा गाडीच्या पायरीवरनं घसरली, भुवई फुटली. माझाच रुमाल बांधला होता. रिक्षातनं उतरली तवाच ओळखली मी. या जाळीचं बी तिच्याच डोंगराचं."

एवढी जुनी ओळख, आणि एवढा बोलका माणूस, हा तासभर तोंड मिटून बसला होता. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत? आम्ही मनाई केली म्हणून?"

"तुमची मनाई होती, ती होतीच. पण पोरगा शेजारी बसलेला तिच्या. दीर सांगतोय मोठी शेतीवाडी. मी कुठं म्हणू, अगं तू द्रोणवाली ना?" त्यांनी पंच काढला, वाजवला नाही, परत ठेवला. "थांबा मागायचा तो उतरणाऱ्यानं, सूनबाई. कंडक्टरनं मधेच उतरवायचं नसतं."

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या माणसाला लाज ठाऊक नाही असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले, त्याला दुसऱ्याची लाज कुठे दुखते हे बरोबर ठाऊक होतं. त्याने ती भरल्या घरात, माझ्यादेखत, अलगद झाकली होती. आणि मी त्याच्या जाळीला रान म्हटलं होतं, तो समोर बसलेला असताना. मला माझीच शिसारी आली. सकाळी उठून मी काय केलं? चहा केला. आणि शाळेत ते अजूनही ऑफिसरच होते.

होकार आला. देण्याघेण्याचं काही नाही, असं मुलाच्या आईच म्हणाल्या. लग्नात पाठवणीच्या गडबडीत विहीणबाईंनी मामंजींपाशी येऊन एवढंच मागितलं, "एक रोप द्याल का? कुंपणाला." मामंजींनी दुधाच्या पिशवीत वाढवलेलं 'करंजाळी'चं रोप आधीच बाजूला काढून ठेवलं होतं. दोघांनी एकमेकांना ओळख दाखवली नाही. पाणी कमी घाला, एवढं मामंजी म्हणाले, आणि त्या म्हणाल्या, "हो, दिवाळीनंतर बंद."

पुढे वैजूला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बारसंही आमच्याकडेच आणि तेही मे महिन्यात. अंगणात मांडव घातला. विहीणबाई, जावई, कॉलनीतले सगळे, आणि माझ्या शाळेतल्या बायका. मुख्याध्यापिका बाईही आल्या. त्यांना बोलावण्यावाचून इलाज नव्हता. मामंजींनी सकाळपासून पळसाच्या पानांचे द्रोण लावून करवंदं भरली होती. नातवाचं बारसं, त्यांना कोण अडवणार? प्रत्येक पाहुण्याला द्रोण, आणि पंच मारलेलं पान.

मुख्याध्यापिका बाईंनी द्रोण दोन बोटांत धरला. स्वभावाने वाईट नाहीत त्या. पण म्हणाल्या, "ही त्या रस्त्यावरच्या पोरी विकतात ना, घाटात? मी कधी घेत नाही बाई. हात कुठे कुठे लागलेले असतात त्यांचे."

विहीणबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी मांडीवरच्या नातवाला वैजूकडे दिलं. मग म्हणाल्या, "त्या पोरींतली मी एक आहे."

जावयाने वर बघितलं. "आई?" तो म्हणाला.

"खरं सांगतेय. करंजाळीच्या थांब्यावर मी द्रोण विकायचे. तुझ्या आजोबांची शेतीवाडी म्हणजे डोंगरउताराच्या वरकस जमिनीचा एक तुकडा. तुझ्या बाबांना माहीत होतं, तुला सांगायचं राहून गेलं. राहून कसलं, मीच सांगितलं नाही." मग त्या मामंजींकडे वळल्या. "आणि हे आमच्या गाडीचे कंडक्टर. माझा शेवटचा द्रोण विकला जाईपर्यंत यांनी कधी घंटी मारली नाही. ड्रायव्हर शिव्या घालायचा, हे म्हणायचे, सुट्टे मोजतोय."

मामंजींचा चेहरा असा उजळला की काय सांगू. हात खिशात गेला, पंच बाहेर आला. तेवढ्यात मुख्याध्यापिका बाई माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कंडक्टर? तुम्ही तर ऑफिसर सांगितलं होतंत."

स्टाफरूममधल्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मामंजींनीही बघितलं. त्यांना हे नवीन होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड मावळताना मी पाहिला, आणि त्यांना सगळं समजल्याचंही पाहिलं. त्यांनी पंच मुठीत दाबला.

"साहेबच होतो मी," ते म्हणाले. कॉलनीत खरं काय ते कोणाला ठाऊक नव्हतं? पण ते शाळेतल्या बायकांकडे बघून, अगदी शुद्ध बोलत म्हणाले, "विहीणबाईंची काहीतरी गल्लत होते आहे. तो कंडक्टर दुसरा कोणीतरी असेल."

विहीणबाई आ वासून बघत राहिल्या. आयुष्यभर ज्या माणसाने पोस्टमनलाही आपण कंडक्टर म्हणून ठासून सांगितलं, तो माझ्यासाठी स्वतःलाच नाकारत होता. आणि सोबत ती ओळखही, जी त्या बाईने एवढ्या वर्षांनी, पोरासमोर, जिवावर उदार होऊन मागितली होती. मला तिथल्या तिथे जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. गप्प बसले असते तर निभावलं असतं, हे मला त्याही क्षणी कळत होतं.

"नाही," मी म्हटलं. "कंडक्टरच होते. पेठच्या गाडीवर. ऑफिसर मी केलं त्यांना. मला लाज वाटायची म्हणून."

मुख्याध्यापिका बाई "अगं, त्यात काय एवढं," असं काहीतरी म्हणाल्या आणि द्रोणातलं एक करवंद त्यांनी घाईघाईने तोंडात टाकलं. कोणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात केली. मला डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं. मी उठले आणि जायला दुसरीकडे जागा नव्हती म्हणून 'करंजाळी'पाशी जाऊन उभी राहिले. काटा साडीत अडकला.

मामंजी मागून आले. काही वेळ नुसतीच टक टक. मग म्हणाले, "फुल का हाफ?"

"हाफच द्या," मी म्हटलं. "इतकी वर्षं काठावरच होते."

त्यांनी एक पान तोडलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि अख्ख्या पानाला पंच मारून माझ्या हातात ठेवलं.

"हाफ नाय मिळायचं," ते म्हणाले. "सुट्टे नायेत."